बीएस मानके आणि मोटारींची नोंदणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘भारत स्टेज’ (बीएस) म्हणजे वाहनाच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूक्ष्म कण किती प्रमाणात बाहेर पडू द्यायचे, याची केंद्र सरकारने घालून दिलेली मर्यादा. १ एप्रिल २०२० रोजी देशभर बीएस-६ लागू झाल्यावर बीएस-४ मोटार वापरणेच बेकायदा ठरले, असा समज पसरला. प्रत्यक्षात बंदी आली ती नव्या बीएस-४ वाहनाच्या विक्रीवर आणि पहिल्या नोंदणीवर. आधी नोंदलेल्या खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध राहते आणि मालकी हस्तांतर म्हणजे नवी नोंदणी नसल्याने तिची खरेदी-विक्रीही करता येते.

मुदतीपूर्वी तयार झालेली गाडी मागाहून नोंदवता येते, हा समज अधिक महागात पडणारा होता. नियमांत तशी सवलत खरोखरच होती: ३१ मार्च २०२० पर्यंत तयार झालेल्या बीएस-४ मोटारी ३० जूनपर्यंत नोंदवण्याची मुभा होती. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात नागरिकांच्या आरोग्याला उत्पादकांच्या सोयीपेक्षा वरचे स्थान देऊन ती अमान्य केली. टाळेबंदीने गुंता वाढला, तेव्हाही १३ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने, दिल्ली परिसर वगळून, मुदतीत विकलेल्या आणि ‘ई-वाहन’ पोर्टलवर तपशील चढवलेल्या गाड्यांच्याच नोंदणीला परवानगी दिली. ही कठोरता रास्तच होती, कारण डिझेल मोटारीसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती ती बीएस-६ मध्ये ०.०८ ग्रॅमवर आली, आणि एकदा नोंदलेली जुन्या मानकाची गाडी पुढे वर्षानुवर्षे तोच जादा धूर सोडत राहते.

पीयूसी प्रमाणपत्र मिळाले की बीएस मानक पाळले गेले, असेही मानले जाते. वस्तुतः मानकाची चाचणी प्रत्येक मॉडेलच्या नमुना-वाहनावर, पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत, मोटार रोलरवर ठरावीक वेगांनी चालवून होते आणि नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेला ‘फॉर्म २२’ तिची ग्वाही देतो. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडी जागीच चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात, तर डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी तेथे होतच नाही, त्यामुळे इंजिनाची देखभाल नीट आहे की नाही, यापलीकडे त्या प्रमाणपत्रातून फारसे कळत नाही.