वयात येणं लांबवताना

मुलगा म्हणून वाढवलेल्या, पण स्वतःला मुलगी मानणाऱ्या मुलाचं मिसरूड आणि घोगरा आवाज औषधाने थोपवता येतो. ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन पिट्यूटरी ग्रंथीला सतत एकच इशारा देत राहतं. टप्प्याटप्प्याने येणारा नैसर्गिक इशारा मानणारी ग्रंथी या माऱ्याला दाद देईनाशी होते आणि वयात येणं थांबतं. आठ वर्षांच्या आत वयात येऊ लागलेल्या मुलींना हेच औषध आपल्याकडेही कित्येक वर्षं दिलं जातं. त्यामुळे ‘ही परदेशी थेरं’ हा आक्षेप टिकत नाही. पण ‘जुनं औषध, म्हणजे सुरक्षितच’ हे उत्तरही लंगडंच. त्या मुलींमध्ये औषध शरीराला समवयस्कांच्या बरोबरीत आणतं. बाराव्या वर्षी सुरू केलं, तर वेळेवर आलेलं वय ते मागे ढकलतं, तेही ऐन हाडं भरण्याच्या काळात.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात असं औषध घेतलेली 70 ट्रान्सजेंडर मुलं होती; त्यांची नैराश्याची लक्षणं सरासरीने कमी झाली. मात्र सगळीच्या सगळी पुढे हव्या त्या लिंगाच्या संप्रेरकांकडे वळली. म्हणजे निवड अचूक होती, की एकदा त्या वाटेला लागलं की मागे फिरणं अवघड? तो अभ्यास हे सांगू शकत नाही. ब्रिटनमध्ये 2024 च्या कॅस अहवालाने पुरावा कमकुवत ठरवला आणि डिसेंबरात संशोधनाबाहेर या वापरावर बेमुदत बंदी आली. मला सरसकट बंदी पटत नाही. ‘कळता झाल्यावर ठरवेल’ म्हणणारे विसरतात, की फुटलेला आवाज औषधाने परत येत नाही. थांबणं हाही निर्णयच. शिवाय दार बंद झालं की ऐकीव माहितीवर मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून खाणं सुरू होतं, हे आपल्याकडे नवं नाही.

म्हणून औषध हवं की नको यापेक्षा ते कोणाच्या देखरेखीखाली, हा प्रश्न मोठा. आपल्याकडे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यात समुपदेशन आणि संप्रेरक उपचारांची सोय सरकारवर टाकली आहे. दहा ते एकोणीस वयोगटासाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिकची योजनाही आहे. सुरुवात तिथून, आईवडिलांना सोबत बसवून व्हावी. इंजेक्शन फार पुढची गोष्ट. ते सुरू झालं, की ठरलेल्या तारखेला पुढचा डोस, उंचीची नोंद, हाडांची तपासणी आलीच. अहिल्यानगर जिल्ह्यातून त्यासाठी बहुधा पुणं गाठावं लागेल. पाथर्डीकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास घर सोडतात, ती उन्हाळ्यात परततात. त्यांच्या मुलाचा मधला डोस कोण देणार, हे कुठल्याही मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं नाही.