कसबांवरील जुने ग्रंथ व त्यांच्या नव्या प्रती

जुन्या पोथ्यांचा व ग्रंथांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांस ग्रंथ मिळविण्यापेक्षां ते राखण्याचीच विवंचना अधिक असते. परंतु ज्या कसबानें ते राखावयाचे, त्या कसबावरील पुस्तकेंच आपण नीट सांभाळलीं नाहींत. पुस्तकबांधणी, घड्याळदुरुस्ती, सुतारकाम, छापखान्याचे खिळे ओतणें या विषयांवरील जुनीं पुस्तकें कारागिरांच्या हाताखालीं सरस व तेल यांनीं माखून झिजलीं. प्रकाशकांनीं तीं पुन्हां छापलीं नाहींत. आणि ग्रंथालयांस त्यांत वाङ्मय दिसलें नाहीं. आज हीं कामें हौसेनें करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकरितां अशीं पुस्तकें स्कॅन करून इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्याचा उद्योग अनेक ठिकाणीं चालू आहे. तो नकलनविसाच्या घाईनें न होतां संशोधकाच्या सावधगिरीनें व्हावा, एवढेंच आम्हांस येथें एका ग्रंथाच्या आधारें सांगावयाचें आहे.

तो ग्रंथ म्हणजे डग्लस कॉकरेल यांचा ‘बुकबाइंडिंग अँड द केअर ऑफ बुक्स’. हा लंडन येथें १९०१ सालीं, लेथाबी यांनीं संपादिलेल्या शिल्पविषयक मालेंत निघाला. कॉकरेल हे कॉब्डन-सँडरसन यांच्या डव्ह्ज बाइंडरींत शिकलेले. त्यांच्या हाताची योग्यता एका गोष्टीवरून कळेल : ब्रिटिश म्युझियमकरितां १९३३ सालीं एक लक्ष पौंडांस घेतलेली सिनाई येथील प्राचीन ग्रीक बायबलाची प्रत १९३५ सालीं त्यांनींच बांधली. ग्रंथाच्या उत्तरार्धांत ओल, धूर, ऊन, उंदीर, झुरळें व कसर यांपासून पुस्तकें कशीं जपावीं याचें विवेचन आहे. आमच्या वाचकांनीं तेवढें तरी अवश्य पाहावें. हा ग्रंथ आज प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संग्रहांत कोणासहि फुकट वाचावयास मिळतो.

असा ग्रंथ सर्वांस खुला झाला कीं नाहीं, हें ठरवितांना पुष्कळांची चूक होते. छापल्याचें साल पाहून आपल्याकडे निर्णय होत नाहीं. भारतांत ग्रंथकाराच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षें मोजावीं लागतात. पूर्वीं हीं ५० होतीं, १९९२ च्या दुरुस्तीनें ६० झालीं. कै. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं वारले, म्हणून त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची गणना लगेच दुसऱ्या दिवशीं सुरू होऊन जुन्या मुदतीप्रमाणें १९७६ अखेर संपली. एक दिवस अधिक जगते तर हक्कास एक वर्ष अधिक मिळतें! कॉकरेल १९४५ सालीं निवर्तले. त्यांचा मजकूर आपल्याकडे २००५ अखेर मोकळा झाला. परंतु ग्रंथांतील आकृति नोएल रूक यांनीं काढलेल्या असून ते १९५३ सालीं वारले. म्हणजे आकृतींचा हक्क २०१३ अखेरपर्यंत टिकला. आणि इंग्लंडांत मुदत ७० वर्षांची असल्यामुळें तेथें तो २०२३ अखेर संपला. एकाच पुस्तकांत दोन धनी व दोन तारखा! चित्रकाराचें नांव मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत असतें. तें वाचल्यावांचून पुढें जाऊं नये.

आतां प्रत कशी करावी याविषयीं. प्रोजेक्ट गुटेनबर्गचा आरंभ मायकेल हार्ट यांनीं १९७१ सालीं अमेरिकेंत केला. २००० सालापासून ‘डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स’ या नांवानें एकत्र आलेले स्वयंसेवक त्यास साह्य करतात. यंत्रानें वाचलेला मजकूर मूळ पानाच्या छायाचित्राशेजारीं ठेवून एकामागून एक अनेक जण तपासतात. ही पद्धत पोथ्यांचे पाठ जुळविणारांस ओळखीची वाटेल. आपले जुने लेखक पोथीच्या शेवटीं दोषाचें खापर मूळ प्रतीवर फोडून मोकळे होत. यंत्र तेवढेंहि करीत नाहीं, निर्विकारपणें चुकीचें अक्षर पुढें ठेवतें.

काव्यांत एखादें अक्षर चुकलें तर रसभंग होईल. कसबाच्या पुस्तकांत वस्तूचा नाश होतो. कॉकरेल यांच्या खळीच्या कृतींत दोन औंस पिठास पाव औंस तुरटी सांगितली आहे. जुन्या छपाईंतील पावाचा अपूर्णांक यंत्रास नीट वाचतां येत नाहीं, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. येथें पावाचा एक झाला तर तुरटी चौपट पडेल. तुरटीनें कागदांत आम्लता येऊन तो ठिसूळ होतो, असें आज ठरलें आहे. त्यामुळें संरक्षणाचें काम करणारे ती मुळींच घालीत नाहींत. म्हणून आमच्या मतें मूळ पाठ जसाच्या तसा ठेवावा, व आजचें ज्ञान वेगळ्या टिपेंत, टीपकाराच्या जबाबदारीवर द्यावें. मजकुरांत गुपचुप सुधारणा करणें हा प्रक्षेपच होय.

आकृतींची हेळसांड तर त्याहून अधिक. आमचे एक जुने विद्यार्थी हौसेनें जुझबंदी करतात. त्यांनीं कोठून तरी मिळविलेल्या एका इंग्रजी पुस्तकाच्या छापील उताऱ्यांत शिवणीची आकृति गळली होती. प्रत्येक फर्म्याचा दोरा दोन्ही टोकांस खालच्या फर्म्याच्या दोऱ्यांत अडकवावयाचा असतो. तें शब्दांवरून न कळल्यामुळें त्यांनीं बांधलेलें घरचें रोजकीर्दीचें पुस्तक महिन्याभरांत मोकळें झालें. नशीब कीं बखर नव्हती! पुष्कळ स्कॅनांत घडीचीं मोठीं पानें न उलगडतां तशींच टिपलेलीं आढळतात. कोठें केवळ काळा-पांढरा ठसा घेतल्यानें बारीक रेघा बुजून जातात. घडी उलगडावी, करड्या छटांसह चित्र घ्यावें, आणि प्रत्यक्ष मापाची आकृति असल्यास शेजारीं मोजपट्टी ठेवावी.

एक इशारा द्यावयास हवा. कॉकरेल यांची रीति पाठीवर शिवलेल्या पुस्तकांची आहे. आपली पोथी सुट्या पानांची, दोन फळ्यांमध्यें ठेवून वेष्टनांत गुंडाळावयाची. तीस भोंकें पाडून शिवूं नये. मोडी कागदांच्या रुमालांसहि हेंच लागू.

मराठींतहि अशीं पुस्तकें झालीं. त्यांच्या प्रती सभासदांच्या माळ्यांवर असतील. एका मोठ्या संग्रहांत आम्हांस मराठी नांवें रोमन लिपींत इतकीं विद्रूप झालेलीं आढळलीं कीं, माहीत असलेलें पुस्तकहि सांपडेना. म्हणून ज्यांच्याजवळ असें पुस्तक असेल त्यांनीं मुखपृष्ठावरील नांव देवनागरींत हुबेहूब, ग्रंथकार व चित्रकार यांचीं नांवें, आवृत्तीचें साल, एकूण पृष्ठें, आणि घडीचीं पानें किती व त्यांपैकीं किती शाबूत, एवढें आम्हांस कळवावें. पाठींतून सुटलेलें पुस्तक असल्यास तें आधीं बांधूं नये. सुटीं पानें सपाट पसरतात व चित्र चांगलें उठतें.