नव्या ध्वनिमुद्रिकेविषयीचा पहिला अभिप्राय

एखादी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होताच तिच्याविषयी जे मत व्यक्त होते त्याला संगीतसमीक्षेत कितपत मोल द्यावे, हा प्रश्न अमेरिकेतील ‘इंडी’ संगीताच्या संदर्भात विशेष विचारणीय आहे. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाबाहेर, लहान संस्थांनी प्रकाशित केलेले संगीत ते ‘इंडी’; लोकगीताची सरळ चाल आणि रॉकचा कर्कश नाद यांचा संयोग त्यात वारंवार आढळतो.

‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या वाद्यवृंदाची ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ ही ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘मर्ज रेकॉर्ड्स’ने काढली. जेफ मँगमच्या या रचनांत साध्या गिटारीच्या जोडीला पितळी वाद्ये, घरघरणारा विद्युत्‌-ध्वनी आणि गज फिरवून वाजविलेली चक्क करवत आहे. काव्याची एक मुख्य प्रेरणा अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी होय. ‘रोलिंग स्टोन’ने तिला पाचांपैकी तीन तारे दिले, तर ‘पिचफोर्क’ने १० पैकी ८.७ गुण. पुढे २००५ मध्ये, पुनःप्रकाशनाच्या वेळी, त्याच ‘पिचफोर्क’ने पूर्ण १० गुण दिले.

दरम्यान ध्वनिमुद्रिकेतील एकही स्वर बदलला नव्हता. बदलला होता तो श्रोता. २००४ मध्ये ‘मर्ज’नेच ‘आर्केड फायर’ची ‘फ्युनरल’ प्रसिद्ध केली, आणि व्याकूळ कंठ व गजबजलेला वाद्यमेळ यांचे जे मिश्रण पूर्वी विक्षिप्त वाटे ते परिचयाचे झाले. शिवाय १९९८ नंतर या वृंदाची एकही नवी दीर्घ ध्वनिमुद्रिका आली नाही. मँगमचे हे मौन ध्वनिमुद्रिकेत कोठेही मुद्रित नाही, तथापि २००५ च्या श्रोत्याला ते ऐकू येत होते; एका कलावंताच्या अनेक कृतींपैकी एक म्हणून नव्हे, तर त्याचा अखेरचा शब्द म्हणून तो ती ऐकत होता.

समीक्षकांनी या कृतीची उपेक्षा केली, ही रूढ आख्यायिका मात्र टिकण्याजोगी नाही. ८.७ गुणांना उपेक्षा म्हणणे धाडसाचे होईल! पहिला अभिप्राय चुकीचा होता असेही म्हणता येत नाही. उत्तरकालीन अनुकरणे आणि आख्यायिका यांच्या आधाराविना झालेले ते श्रवण होते, आणि तसे श्रवण आता कोणालाच शक्य नाही. आस्वादाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास म्हणूनच ते परीक्षण दुसऱ्याहून अधिक मोलाचे साधन ठरते. परंतु आज सामान्यतः उद्धृत होतो तो दुसराच आकडा.