रात्र मोजणारी तूर

बसवकल्याणच्या काळ्या रानात तूर मृगाला पेरा, नाहीतर आठ-पंधरा दिवस मागाहून. फुलायची घाई ती करत नाही. दिवस लहान होईपर्यंत थांबते, कारण हे झाड रात्र मोजतं. पानात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. उजेडात ते एक रूप घेतं, अंधारात हळूहळू जुन्या रूपाकडे परततं. रात्र पुरेशी लांबली की झाडाला फुलायचा इशारा मिळतो. घड्याळ नाही, मेंदू नाही, तरी हिशेब चोख!

इथल्याच महामार्गाने हुमनाबाद, जहीराबाद ओलांडून पूर्वेला गेलं की हैदराबादच्या अलीकडे पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था लागते. तिथं एक रान मुद्दाम आजारी ठेवलंय. मर रोग लागलेल्या तुरीची धसकटं बारीक करून त्याच मातीत मिसळतात. या रोगाची बुरशी मुळातून शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते. साल सोलली की खाली काळपट पट्टा दिसतो आणि ऐन शेंगांच्या दिवसांत झाड उभ्याउभ्या वाळतं. या रानात जी झाडं मरीच्या हातावर तुरी देऊन जगतात, त्यांचंच बी पुढं जातं. मर सोसणारा ‘मारुती’ वाण कर्नाटकात १९८६ साली आला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरला.

पण वर्षाला एकच पिढी म्हटल्यावर नवा वाण यायला दशक सहज उलटतं. २०११ मध्ये तुरीच्या जनुकांचा आराखडा वाचला गेला. २०२४ मध्ये इक्रिसॅटने त्याच्यापुढची गंमत केली: उजेड, उष्णता, ओलावा सगळं आपल्या हाती ठेवून तुरीच्या वर्षाला चार पिढ्या घेतल्या. दाण्याची बारीकशी कपची काढून डीएनए तपासायचा आणि उरलेला दाणा पेरायचा. तो बिनतक्रार उगवतो.

त्यातूनच २०२५ मध्ये ‘आयसीपीव्ही २५४४४’ जाहीर झाला. हा वाण रात्रीची वाट बघत नाही, ४५ अंशांचं ऊन सोसतो आणि सव्वाशे दिवसांत काढणीला येतो. म्हणजे चक्क उन्हाळी तूर! कर्नाटकातही त्याच्या चाचण्या झाल्या. मला मात्र यात एक मेख दिसते. ऊन सोसलं तरी पाणी लागणारच, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये विहिरीला पाणी असणारा शेतकरी आधी ऊस लावतो.