एंचिलाडा: मिरचीत भिजलेली भाकरी



आजचा पदार्थ मेक्सिकोचा: बीफ भरलेला एंचिलाडा. सुरुवात माझ्या फजितीपासून करते, कारण या पदार्थाचा सगळा धडा त्या फजितीत आहे.

पहिल्यांदा केला तेव्हा चार माणसं जेवायला बोलावली होती. मांस तीन तास शिजवलं, मिरचीचा सॉस छान लाल झाला. टॉर्टियासाठी वाण्याकडून मक्याचं पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं आणि भाकरीसारखं थापून भाजलं. तव्यावर सगळं ठीक दिसत होतं. पण टॉर्टिया सॉसमध्ये बुडवली आणि उचलायला गेले, तर चिमट्यात फक्त कड आली, बाकीची पातेल्यातच राहिली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. शेवटी पाहुण्यांनी लाल पिठल्यात मांसाचे धागे असं काहीतरी चमच्याने खाल्लं. चव बरी होती, पण तो एंचिलाडा नव्हता.

चूक मांसात नव्हती, मिरचीतही नव्हती. चूक होती ती न वापरलेल्या चुन्यात.

नावात काय आहे

'एंचिलार' म्हणजे मिरची लावणे, मिरचीत घालणे. म्हणून एंचिलाडा म्हणजे मिरची लावलेली टॉर्टिया. नावात मांस नाही, चीज नाही. स्पॅनिश लोक येण्याआधीपासून मेक्सिकोत मक्याची टॉर्टिया मिरचीच्या रसाबरोबर खाल्ली जात होती. नाहुआत्ल भाषेत टॉर्टियाला 'त्लाश्काल्ली' म्हणत. तिथल्या माणसाच्या जेवणात टर्की होती, मासे होते, हरिण होतं, घेवड्याच्या शेंगांचे दाणे होते. गाय-बैल मात्र नव्हते. गुरं आली ती स्पॅनिश लोकांबरोबर, १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडलं त्या सुमारास आणि नंतर. उत्तरेच्या कोरड्या गवताळ प्रदेशात, म्हणजे सोनोरा, चिवावा, नुएवो लिओन या भागांत, ती फोफावली आणि बीफ तिथलं रोजचं मांस झालं.

म्हणून मी असं मानते की या पदार्थात टॉर्टिया आणि मिरची ही घरची माणसं आहेत, बीफ हा मागून आलेला पाहुणा. पाहुण्याची बडदास्त ठेवायचीच, पण घरची माणसं कोलमडली तर पाहुण्याला बसायलाही जागा राहत नाही. माझ्याकडे त्या दिवशी तेच झालं.

चुना कशाला

मेक्सिकोत सुका मका सरळ दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात उकळतात आणि रात्रभर त्यातच ठेवतात. या क्रियेला निश्तमाल करणं म्हणतात. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. चुन्यामुळे दाण्याची साल सैल होते, सालीतला डिंकासारखा भाग सुटतो, स्टार्च थोडा फुलतो. मग दळलेल्या मक्याला चिकटपणा येतो आणि त्याचा गोळा होतो. या ओल्या पिठाला 'मासा' म्हणतात. आपलं बाजारातलं मक्याचं पीठ या वाटेने आलेलं नसतं. त्याची भाकरी होते, पण रसात पडली की तिचा जीव जातो.

चुन्याचं दुसरं काम याहून मोठं आहे. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण ते अशा रूपात बांधलेलं असतं की आपल्या शरीराला त्याचा फारसा उपयोग होत नाही. चुना ते मोकळं करतो. युरोपने अमेरिकेतून मका नेला, चुन्याची रीत मात्र नेली नाही. गरिबांचं पोट फक्त मक्यावर चालू लागलं आणि पेलाग्रा नावाचा रोग आला: कातडी सोलवटायची, जुलाब, मग भ्रम आणि मृत्यू. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने १७३५ मध्ये त्याची नोंद केली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत या रोगाने हजारो माणसं गेली. तो संसर्गाने नव्हे तर आहारातल्या उणिवेने होतो, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या कामात दाखवलं. नायसिनचा उलगडा १९३७ मध्ये झाला. मेक्सिकोच्या खेड्यातली बाई हे कारण न जाणताही रोज संध्याकाळी मका चुन्यात घालत होती. पाककृतीतली एखादी पायरी 'एवढ्याने काय होतं' म्हणून गाळावीशी वाटली, की मला हा इतिहास आठवतो.

टॉर्टिया घरी

सोपा रस्ता म्हणजे 'मासा हरिना', अर्थात निश्तमाल करून वाळवलेलं तयार पीठ. मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन मिळतं. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घ्या, मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा.

लांबचा रस्ता मला जास्त आवडतो. अर्धा किलो सुका मका घ्या, भाकरीच्या पिठासाठी वापरतात तो. स्वीट कॉर्न नको, पॉपकॉर्नचा नको आणि पेरणीचं बियाणं तर कधीच नको, कारण त्याला औषध लावलेलं असतं. दीड लिटर पाण्यात पाच ग्रॅम चुना कालवा. तो खाण्याचा म्हणून विकला जाणारा, विझवलेला, कोरडा चुना हवा. भिंतीचा नाही आणि कळीचा चुना मुळीच नाही. वजन करूनच घाला. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला चुना लागतो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळा, झाका, रात्रभर तसंच ठेवा. सकाळी दाणा चोळला की साल सुटते. तीन-चार पाण्यांनी धुवा आणि कमीत कमी पाणी घालून वाटा. मेक्सिकोत हे काम 'मेताते'वर व्हायचं, तो आपल्या पाट्या-वरवंट्याचा लांबचा भाऊ. आपल्याकडे वेट ग्राइंडर उत्तम. मिक्सरमध्ये पाणी जास्त लागतं आणि गोळा सैल होतो. तसं झालं तर थोडं मासा हरिना मिसळा.

गोळा बरोबर झाला का, याची खूण सांगते. लिंबाएवढा गोळा अंगठ्याने दाबा. कड फाटली तर पाणी हवं, बोटाला चिकटला तर पाणी जास्त झालं. दुधाची पिशवी धुऊन कापा, तिच्या दोन तुकड्यांमध्ये गोळा ठेवून जड ताटलीने दाबा. चांगल्या तापलेल्या तव्यावर टाका. अर्ध्या मिनिटात उलटा, दुसरी बाजू मिनिटभर भाजा, पुन्हा उलटा. फुगली तर समजा, जमली. भाजलेल्या टॉर्टिया फडक्यात गुंडाळून ठेवा. त्या वाफेतच त्यांना लवचिकपणा येतो.

मांस

चार जणांना पाऊण किलो पुरतं. बीफबद्दल आपल्याकडे राज्यागणिक कायदा वेगळा आहे, हे ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस-रेडा त्यात येत नाही. ही मालिका अनेक राज्यांत वाचली जाते, तेव्हा आपल्या राज्यात काय चालतं ते पाहून घ्या. म्हशीच्या मांसानेही हा पदार्थ उत्तम होतो. त्यात चरबी कमी असते, म्हणून शिजायला वेळ द्यावा लागतो. जे बीफ खात नाहीत त्यांनी मटण किंवा कोंबडी घ्यावी. खुद्द मेक्सिकोत कोंबडीचे आणि नुसत्या चीजचे एंचिलाडे भरपूर खाल्ले जातात.

खाटकाकडे मऊ तुकडा मागू नका. खांदा, नळी किंवा पोटाचा पट्टा मागा. ज्या भागाने जनावराच्या हयातीत जास्त काम केलं, त्यात कोलॅजन जास्त. मंद आचेवर दोन-अडीच तासांनी ते विरघळून जिलेटिन होतं आणि मांसाचे धागे ओलसर राहूनच सुटतात. महागडा मऊ तुकडा एवढा वेळ शिजवला तर कोरडा पडतो. मोठे तुकडे, एक कांदा, चार लसूण पाकळ्या, मीठ, दीड लिटर पाणी. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण ते एक तास. त्याच पाण्यात निवू द्या, मग हाताने धागे काढा. पाणी फेकू नका.

मिरची

तिकडे ग्वाहियो आणि आंचो या सुक्या मिरच्या वापरतात. ग्वाहियोच्या जागी आपली बेडगी चपखल बसते: रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. मिरची मुळात मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, तेव्हा बेडगी परत माहेरी चालली आहे असं समजा. आंचोचा गोडसरपणा यावा म्हणून मी आठ-दहा काळ्या मनुका घालते.

पंधरा-वीस बेडगी मिरच्यांच्या बिया काढा आणि तव्यावर काही सेकंद परता. काळी पडली तर सॉस कडू होतो आणि मग त्यावर इलाज नाही. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. दोन भाजलेले टोमॅटो, अर्धा कांदा, तीन लसूण पाकळ्या, चिमूटभर जिरं, मनुका आणि मीठ घालून गुळगुळीत वाटा आणि गाळून घ्या. आता दोन चमचे तेल तापवून वाटण त्यात ओता. रंग गडद होऊन तेल सुटेपर्यंत परता, आपण रश्श्याचं वाटण परततो तसंच. मग मांसाचं पाणी घालून सरबरीत करा. निम्मा कप सॉस मांसाच्या धाग्यांत मिसळा.

जुळणी

इथे अनेकांची गडबड होते. टॉर्टिया थेट सॉसमध्ये घालू नका. आधी गरम तेलात प्रत्येक बाजूने काही सेकंद फिरवा. कुरकुरीत करायची नाही, फक्त तेलाचा पातळ थर बसला पाहिजे. तो थर सॉसला आत शिरू देत नाही. मग गरम सॉसमध्ये बुडवा, ताटात ठेवा, मांस भरा आणि गुंडाळी करा. एका ताटात तीन. मिचोआकान प्रांतात हाच क्रम उलटा असतो: आधी सॉस, मग तळणी. तेही चालतं, फक्त तेल उडतं, सांभाळा.

वर कच्च्या कांद्याच्या चकत्या आणि भुरभुरतं चीज. ते नसेल तर मीठ लावलेलं पनीर कुस्करून घाला, शेजारी घट्ट दही. चीजखाली दडपून ओव्हनमध्ये भाजलेला एंचिलाडा बहुतेकांनी पाहिलेला असतो. ती अमेरिकेतल्या टेक्सासची वाट. वाईट नाही, पण त्यात टॉर्टियाची चव शोधावी लागते.

आणि केल्या केल्या खा. एंचिलाडा वाट बघत नाही. पाहुणे यायच्या आधी मांस आणि सॉस तयार ठेवा, जुळणी ते ताटावर बसल्यावरच करा.

त्या चौघांना मी पुन्हा बोलावलं होतं. या वेळी मका आदल्या रात्रीच चुन्यात होता. पहिली टॉर्टिया सॉसमधून उचलली, ती अख्खी वर आली. कुणी काही बोललं नाही, पण कुणी चमचाही मागितला नाही.

तुम्हीही आज रात्री मका भिजत घाला. पुढच्या भागात भेटूच.