किलोवरचं कापड

भिवंडीत कापड दोन मापांनी विकलं जातं. मागावरून उतरून तपासणीच्या टेबलावर पास झालेला ताका मीटरवर जातो. त्याच ताक्यातून डाग पडला म्हणून, दोरे तुटले म्हणून कापून काढलेला तुकडा किलोवर जातो. सूत तेच, वीण तीच, विणणारा हातही तोच. माप बदललं की भाव मात्र कोसळतो. जुन्या आणि टाकाऊ कापडातून नवी फॅशन घडवण्याचा, हल्ली ज्याला अपसायकलिंग म्हणतात त्याचा, सगळा व्यवहार या दोन मापांमधल्या अंतरावर उभा आहे. किलोने घ्यायचं आणि नगाने विकायचं. त्याची चर्चा बहुतेक वेळा डिझायनरच्या कात्रीपासून सुरू होते. भिवंडीकडे नीट पाहिलं तर ही सुरुवात फार उशिरा झाली असं म्हणावं लागतं. या धंद्यातलं बरंचसं कसब कात्री हातात येण्याआधीच, चिंधीच्या गोदामात छाटणीला बसलेल्या माणसांनी खर्ची घातलेलं असतं. त्या कसबाचा दाम त्यांच्यापर्यंत पोचत नाही तोवर अपसायकलिंग हा पर्यावरणाच्या नावाने चाललेला स्वस्त कच्च्या मालाचा व्यापारच राहतो, असं माझं मत आहे.

मुळात हे शहरच दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या वस्तूंवर मोठं झालं आहे. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडची मोमीन विणकर कुटुंबं मालेगाव, भिवंडी अशा गावांत येऊन स्थिरावली. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांची वस्ती पद्मानगर-कामतघरात झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाची जागा यंत्रमाग घेऊ लागले, तेव्हा त्यांतले बरेचसे काही नवे कोरे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग ठाण्याची खाडी ओलांडून इकडे आले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि हा संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्या काळात गिरण्यांचं काम आधी भिवंडीला आलं, पाठोपाठ बंद गिरण्यांतले मागही आले. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागाला आणखी मोकळीक दिली. धोट्याविना चालणारे माग आले तेही अनेकदा परदेशी गिरण्यांनी वापरून विकलेले, जुने सुलझर आणि रॅपियर. आणि १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही योजना जाहीर केली, तीसुद्धा भिवंडीतच. तिच्यातला एक महत्त्वाचा भाग असा, की साधा यंत्रमाग भंगारात न घालता त्यावर दोरा तुटताच माग थांबवणारी, ताणा हळूहळू सोडणारी साधनं बसवायची आणि त्याचं आयुष्य वाढवायचं. फॅशनच्या जगात ज्याला अपसायकलिंग म्हणून मिरवलं जातं, ते इथे लोखंडाच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि त्याचं कुणाला कौतुक नाही.

कापडाचा तुकडा किलोवर का येतो, हे समजायला माग जवळून पाहावा लागतो. साध्या मागावर धोटा ताण्यातून इकडून तिकडे फेकला जातो; त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते. कांडी संपली की माग थांबतो, कामगार नवी कांडी भरतो, माग पुन्हा सुरू होतो. थांबण्या-सुरू होण्याच्या त्या क्षणी हात जरा चुकला तर बाणा एका जागी दाट बसतो किंवा विरळ पडतो आणि कापडाच्या रुंदीभर एक आडवी रेघ उमटते. ती कोऱ्या कापडात डोळ्यांना जेमतेम दिसते. रंगवल्यावर मात्र लपत नाही, कारण दाट जागी रंग जास्त बसतो. याशिवाय यंत्राचं तेल उडतं, ताण्याचा दोरा तुटून लांबलचक फट राहते, ताणा गुंडाळलेल्या बीमच्या शेवटी काही हात कापड वाकडंतिकडं निघतं. भिवंडीतलं पुष्कळसं काम मजुरीचं असतं: सूत व्यापाऱ्याचं, मागवाल्याला पिकावर, म्हणजे बाण्याच्या फेऱ्यांवर, मजुरी. म्हणजे खोट निघाली की आधी व्यापारी मागवाल्याचे पैसे कापतो आणि मागवाला ते कामगाराकडून वळते करू पाहतो. किलोवर गेलेल्या प्रत्येक तुकड्यामागे अशी कुणाची तरी कापलेली मजुरी असू शकते. टाकाऊ माल फुकटचा असतो असं समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

रॅपियर आले तसा टाकाऊ मालाचा एक वेगळाच प्रकार निघाला. साध्या मागावर बाणा सलग असतो, काठाशी वळून परत येतो, म्हणून काठ आपोआप बांधला जातो. रॅपियरवर प्रत्येक फेरीला बाणा कापला जातो. त्याचं मोकळं टोक धरून ठेवायला मुख्य कापडाच्या बाहेर दोन-चार दोऱ्यांची खोटी किनार विणावी लागते आणि चालू मागावरच ती कापून वेगळी काढतात. दिवसभर अशी झालरीची पट्टी निघत राहते. तिच्या एका बाजूला मोजके ताणे, दुसऱ्या बाजूला बाण्याच्या टोकांचा झुपका. हा दोष नव्हे, कामगाराची चूकही नव्हे. यंत्र असं बनलं आहे म्हणून ती निघते, आणि रॅपियर वाढतील तशी ती वाढणारच. आज ती बांधायच्या दोऱ्या, पायपुसणी, लादी पुसायचे मॉप अशा कामांना जाते. रंगीत सुताच्या कापडावरची ही पट्टी पाहिली की वाटतं, झालर विकत आणून शिवणाऱ्यांना हिचा पत्ता अजून लागलेला दिसत नाही.

हे सगळं जिथे जमतं त्या गोदामात पहिलं काम छाटणीचं. पांढरं वेगळं, रंगीत वेगळं. सुती वेगळं, पॉलिस्टर वेगळं. हातभर तुकडा वेगळा, बोटभर चिंधी वेगळी. फेंट, रॅग, चिंधी या लांबीनुसारच्या पायऱ्या गिरण्यांच्या जमान्यापासून चालत आल्या आहेत. सरावलेला हात कापड चोळूनच बहुतेक वेळा जात ओळखतो. शंका आली तर तुकड्यातून दोन दोरे ओढून काडी लावतात. सूत असेल तर कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख होते, चिमटीत धरली की पीठ होतं. पॉलिस्टर जळण्याआधी आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मणीही आणि राखही दिसली तर मिश्र सूत, म्हणजे भाव पडला. पांढरं स्वच्छ सुती कापड कारखान्यांत आणि छापखान्यांत यंत्रं पुसायला जातं, नाहीतर पिंजून पुन्हा सूत करायला. रंगीत मिश्र माल गाद्या-उशांत भरायला जातो. ज्याला कुणीच विचारत नाही ते बॉयलरच्या तोंडी पडण्याची भीती असते, आणि पॉलिस्टर जाळल्याचा धूर ज्यांच्या खिडकीत शिरतो त्यांना त्या चिंधीची खरी किंमत कळते. गोदामांना लागणाऱ्या आगींच्या बातम्या भिवंडीकरांना नव्या नाहीत.

आता फॅशनकडे वळू. जुन्या कपड्यांची फेरवापराची साखळी आपल्याकडे होतीच: बोहारीण दारात येऊन जुन्या साड्यांवर भांडं द्यायची, घरात लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ व्हायची. आजचा नवा डिझायनर सहसा त्याच वाटेने जातो. वापरलेले शर्ट, साड्या, जीन्स शोधतो. त्यात अडचण अशी, की वापरलेला प्रत्येक कपडा वेगळा: कुठे काखेत विरलेला, कुठे गळपट्टी झिजलेली, बटणं-चेन-अस्तर सगळं उसवायचं. एक जाकीट उत्तम होतं, तसंच दुसरं होत नाही. भिवंडीच्या फेंटचं तसं नाही. ते अजून अंगाला लागलेलं नसतं, आणि एकाच ताण्यातून निघालेले पन्नास तुकडे एकसारखे असतात. म्हणजे मापाप्रमाणे लहान-मोठे वीस नग काढता येतात. मात्र घेणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. कोऱ्या कापडावर साइझिंगची खळ असते. ती गरम पाण्यात पुरती काढल्याशिवाय रंग धरत नाही, आणि सुती कापड त्या धुण्यातच आटतं, म्हणून बेतणं नंतर. दुसरं, ती आडवी रेघ रंगात उठून दिसणारच. ती लपवण्यात वेळ घालवण्यापेक्षा बेतातच तिला जागा दिलेली बरी. फॅक्टरीतल्या उरल्यासुरल्या मालावर काम करणारे आपल्या देशात आहेत: दिल्लीत कृती तुला यांचं ‘डूडलेज’, पुण्यात करिश्मा शहानी खान यांचं ‘का-शा’. ‘का-शा’ने ‘हार्ट टू हाट’ या उपक्रमात कातरणीचाही कसून वापर केला आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हे सेकंडहँड कुठे झालं? कापड कुणी वापरलंच नाही, मग त्याचा फेरवापर कसला. उलट टाकाऊ माल विकत घेऊन तुम्ही कारखान्याला जास्त विणायला उत्तेजनच देता. आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. ब्रँडने मागणीपेक्षा जास्त विणून घेतलेला उरलेला माल आणि मागावरची खोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला गिऱ्हाईक मिळू लागलं तर जास्त विणण्याची भीती खरोखरच कमी होते. भिवंडीच्या परिसरात आज ऑनलाइन व्यापाराची प्रचंड गोदामं आहेत. परत आलेल्या कपड्यांचे लॉट उचलून ‘फेरवापर’ म्हणून विकणाऱ्यांनाही हा प्रश्न लागू पडतो. खोटीचं मात्र तसं नाही. मीटरचा भाव सोडून किलोचा भाव मिळावा म्हणून कुणी मुद्दाम तेल सांडणार नाही. खोट निघतेच, आणि ती निघाल्यावर तिचं काय होतं एवढाच प्रश्न उरतो. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेने २०२२ साली भारतातल्या कापड-कचऱ्याचा अंदाज वर्षाला सुमारे ७८ लाख टन असा मांडला, त्यातला सुमारे ४२ टक्के हिस्सा कपडा गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच, उत्पादनाच्या टप्प्यावर निघतो. आपल्या घरच्या कपाटावर नैतिकतेचं इतकं ओझं टाकताना हा हिस्सा आपण विसरतो.

दुसरा आक्षेप आकाराचा. डिझायनर गोण्यांनी घेणार, गोदाम ट्रकांनी विकणार. समुद्रातून ओंजळभर उपसून काय होतं? खरं आहे. एलन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७मध्ये म्हटलं होतं, की जगभरात कपड्यांसाठी लागणाऱ्या मालातला एक टक्काही पुन्हा नवे कपडे करायला येत नाही. भिवंडीचा पुष्कळसा माल पॉलिस्टर किंवा मिश्र सुताचा. उन्हाळ्यात अंगाला चिकटणाऱ्या कापडाला कितीही सुंदर बेतलं तरी कोण घालणार? म्हणून अपसायकलिंगने चिंधीचा प्रश्न सुटेल असा दावा मी करत नाही. दावा इतकाच, की नीट छाटलेल्या मालाला चढा भाव देणारं गिऱ्हाईक उभं राहिलं, तर मिश्र ढिगातच जाणारं बरंच कापड वेगळं काढण्याजोगं ठरतं. आज ते जळणापर्यंत जातं ते निकृष्ट असतं म्हणूनच असं नाही; वेगळं काढायचा खर्च निघत नाही, म्हणूनही जातं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ढिगातला उत्तम माल डिझायनरांनी उचलला तर त्याच मालावर जगणाऱ्या लहान लोकांचं काय? पायपुसणी शिवणाऱ्या बायका, उशांची खोळ करणारे, फुटपाथवर कटपीसचा ब्लाउज विकणारे: त्यांना आता उरलासुरला, महागलेला माल मिळणार. यावर डिझायनरांची संख्या लहान आहे म्हणून चिंता नको, असं उत्तर देणं सोपं, पण ते वरच्या आकाराच्याच आक्षेपाची कबुली देणारं आहे. उत्तर मजुरीत शोधावं लागतं. छाटणी जिथे किलोवर मोजली जाते तिथे जितकी घाई तितकी कमाई. हलका तुकडा निवडून, उलटापालटा करून, डाग कुठे आहे ते पाहून बाजूला ठेवणारी बाई संध्याकाळी तोट्यात जाते. डिझायनरला तर नेमकी तीच सावकाश छाटणी हवी असते. मग त्याने तिची किंमत मालाच्या भावात गोदामवाल्याच्या हाती न टाकता छाटणीचा रोज म्हणून वेगळी मोजावी, आणि कपड्याच्या खर्चाच्या कागदावर कापड, शिलाई, भाडं यांच्यासोबत ती एक ओळ स्वतंत्र लिहावी. तीन हजारांना विकल्या जाणाऱ्या जाकिटात त्या ओळीपुढचा आकडा किती भरेल, हे लिहून पाहिल्याशिवाय कळणार नाही. आज तर ती ओळच कागदावर नसते.