थांबलेल्या हृदयाचें कारण

ता. १२ जून २०२१ रोजीं कोपनहेगन येथें फुटबॉलचा सामना चालू असतां डेन्मार्कचा खेळाडू क्रिस्तियन एरिक्सन एकाएकीं कोसळला. त्याचें हृदय बंद पडलें होतें. छाती दाबून व विजेचा झटका देऊन तें मैदानावरच पुन्हां चालू करण्यांत आलें. अशा प्रसंगांतून मनुष्य वांचला म्हणजे घरच्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. डॉक्टरांपुढें मात्र खरा प्रश्न तेव्हां उभा राहतो. हृदय थांबलें कां? याचें उत्तर मिळालें नाहीं, तर तेंच संकट पुन्हां केव्हां ओढवेल याचा नेम नसतो.

उतारवयांत बहुधा हृदयाला रक्त पुरविणारी धमनी तुंबलेली असते, व अँजिओग्राफीनें तें कळतें. तरुणांच्या धमन्या पुष्कळदां स्वच्छ निघतात. प्रतिध्वनींवरून हृदयाचें चित्र उभें करणाऱ्या 'एको' तपासणीचा पाया १९५३ सालीं स्वीडनमध्यें एडलर व हर्ट्झ यांनीं घातला. तिच्यांत झडपांचे दोष व स्नायूची जाडी दिसते. पण स्नायूच्या पोटांत काय दडलें आहे, हें नीटसें दिसत नाहीं. तें काम चुंबकीय चित्रणाचें, म्हणजे एम्. आर्. आय्. चें.

यांत गॅडोलिनियम धातूचें द्रावण शिरेंतून देतात. सुमारें दहा मिनिटांनीं निरोगी स्नायूंतून तें बरेंचसें निघून जातें. जेथें जुना व्रण असतो तेथें रेंगाळतें. चित्रांत स्नायु काळा व व्रण पांढरा उमटतो. त्या डागाची जागा फार बोलकी असते. धमनी तुंबून झालेला व्रण हृदयाच्या आंतल्या अस्तराकडून सुरू होतो. स्नायूच्या दाहाचा व्रण बहुधा बाहेरच्या अंगास आढळतो. असा दाह कित्येकदां साध्या तापाबरोबर येऊन गेलेला असतो, आणि तो रोग्याच्या गांवींहि नसतो. परंतु त्या व्रणाभोंवतीं हृदयांतील वीज भोंवऱ्यासारखी फिरूं लागली, कीं हृदय आकुंचन पावण्याऐवजीं नुसतें थरथरतें व रक्ताभिसरण थांबतें.

एरिक्सनच्या छातींत पुढें आपोआप झटका देणारें यंत्र बसविण्यांत आलें. अशा यंत्राच्या धातूमुळें चुंबकीय चित्र बिघडूं शकतें. म्हणून शक्य तों चित्र आधीं व यंत्र मागाहून, हाच क्रम इष्ट.

कधीं कधीं चित्र अगदीं निर्दोष येतें. तेव्हां संशय हृदयाच्या विजेच्या व्यवस्थेवर जातो. ब्रुगाडा बंधूंनीं १९९२ सालीं वर्णिलेला विकार या जातीचा आहे. उलट, रक्तदाबासारखें कारण नसतांहि स्नायु जाड झालेला दिसला, तर तो दोष बहुधा आनुवंशिक असतो; मग रोग्याच्या भावंडांना व मुलांनाहि, त्यांना कांहीं त्रास होत नसला तरी, तपासणीस बोलावतात.